सव्वाआठचा कॉल

"नेत्रा?"

"आहे, काकू."

"कुठून बोलतेस?"

"घरून. आज वर्क फ्रॉम होम."

"बरं. ऋषी?"

"येस काकू. गाडीत. रूट वन फुल जॅम आहे यार, अजून अर्धा तास."

"प्रसाद?"

"गाडीतच. बोला, काकू."

शरयूकाकूंनी यादीतल्या या शेवटच्या तिन्ही नावांपुढे खुणा केल्या आणि टेबलावरच्या स्पीकरफोनकडे बघत म्हणाल्या, "पुणे, आमचे सगळे आले. तुम्ही सुरू करा."

जानेवारी २००६मधली मंगळवारची सकाळ. वेस्ट विंडसरच्या एका दुमजली इमारतीत, दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर संजीवच्या कंपनीचं ऑफिस होतं. माणसं तीस. त्यातली बारा जण एका औषध कंपनीच्या कामावर होती आणि त्याच कामाची दुसरी तुकडी पुण्यात होती. रोज दोघांचं बोलणं व्हायचं ते सव्वाआठला, म्हणजे पुण्यातल्या संध्याकाळच्या पावणेसातला. का, तर पुण्याच्या ऑफिसची बस सव्वासातला सुटायची आणि बस सुटली की तिथे कुत्रंही थांबायचं नाही. औषध कंपनीच्या मोठ्या साहेबांनी वेळ बदलली असती तर ती बदलली असती, पण बस बदलत नव्हती. अमेरिकेतल्या बारा इंजिनियरांची सकाळ पुण्यातल्या एका बस ड्रायव्हरच्या हातात होती, आणि त्याला बिचाऱ्याला याची गंधवार्ताही नव्हती.

सव्वाआठला निम्मी मंडळी रस्त्यावर असायची. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट गाडीतला वेळ फुकट जात नाही याचं सगळ्यांना कौतुकच होतं.

पुण्याहून विष्णू नावाचा मुलगा बोलत होता. प्रोग्रॅममध्ये रात्री टाकलेला बदल चालत नव्हता आणि त्याला प्रसादकडून एक उत्तर हवं होतं. प्रसाद म्हणाला, "एक मिनिट हं, जरा टर्न घेतोय."

शरयूकाकूंनी घड्याळ पाहिलं. पुण्यात सात वाजून दहा मिनिटं झाली होती.

"घे टर्न, पण सांग पटकन," त्या म्हणाल्या. "त्यांची बस जाईल."

प्रसादनं सांगायला सुरुवात केली. "डेटाबेसमधलं ते दुसरं टेबल आहे ना, त्यात तू..." आणि पुढे एक आवाज आला. मोठा नव्हता. गादी जमिनीवर पडावी तसा होता. मग प्रसाद इंग्रजीत देवाचं नाव घेत राहिला आणि गाडीचं दार उघडल्याचं ऐकू आलं.

"हॅलो, प्रसाद," विष्णू पुण्याहून म्हणाला, "आवाज कट होतोय तुझा."

शाळेजवळच्या चौकात मुलांना रस्ता ओलांडून देणाऱ्या मिसेस हॅलोरन त्या दिवशी मुलं पलीकडे पोचवून परत येत होत्या. वय चौसष्ट. अंगात नारिंगी जाकीट, हातात थांबा लिहिलेली पाटी. हे सगळं प्रसादला दिसायला हवं होतं, आणि डोळ्यांना ते दिसलंही असेल. फोन त्याच्या हातात नव्हता, कानात वायर होती, म्हणजे कायद्यानं तो बरोबर होता. हात स्टिअरिंगवर होते. डोकं मात्र पुण्यातल्या दुसऱ्या टेबलात अडकलं होतं. बाईंचं कंबरेचं हाड आणि मांडी मोडली. तीन ऑपरेशनं झाली आणि शेवटी त्या वॉकर धरून चालू लागल्या, पण चौकात परत उभ्या राहिल्या नाहीत.

आता शरयूकाकूंबद्दल थोडं सांगायला हवं. त्यांच्या आयुष्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही, असं त्या स्वतःच म्हणत. नागपूरला वीज मंडळाच्या कचेरीत सोळा वर्षं तक्रारींच्या खिडकीवर काढली. नवऱ्याला, मोहनरावांना, न्यू जर्सीत एका प्रयोगशाळेत काम मिळालं म्हणून पंचेचाळिसाव्या वर्षी इकडे आल्या. इथे त्यांच्या सोळा वर्षांना कोणी हिंग लावून विचारेना. संजीवची कंपनी तेव्हा त्याच्या गराजमध्ये होती. त्यानं विचारलं, "ताई, तुम्हाला काय काय येतं?" त्या म्हणाल्या, "माझ्या लक्षात राहतं." एवढ्या भांडवलावर नोकरी मिळाली.

आणि खरंच राहायचं. तीस माणसांच्या व्हिसाच्या तारखा, कोणाच्या ग्रीन कार्डाचा अर्ज कुठे अडकलाय, कोणाच्या बायकोला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, औषध कंपनीच्या साहेबानं मागच्या मार्चमध्ये काय कबूल केलं आणि आता काय म्हणतोय, सगळं तोंडपाठ. वाद झाला की संजीव म्हणायचा, "शरयूताईंना विचारा." दोन हजार एकमध्ये धंदा बसला तेव्हा त्यानं नऊ जणांना घरी पाठवलं, पण काकूंना ठेवलं. हे उपकार त्यांच्या लक्षात होतेच. त्यांच्या लक्षात सगळंच राहायचं, त्यामुळे खाल्ल्या मिठाची चवही जिभेवरून जात नव्हती.

अपघातानंतर दीड वर्षानं मिसेस हॅलोरननी दावा लावला, प्रसादवर आणि कंपनीवरही. कंपनीच्या वकिलानं फाइल चाळली आणि त्याला सतरावं पान सापडलं.

नवीन माणूस रुजू झाला की त्याला बावीस पानांचा गठ्ठा सही करायला मिळे. त्यातलं सतरावं पान गाडी चालवताना फोन वापरू नये असं सांगणारं होतं. ते कुठल्याशा दुसऱ्या कंपनीच्या कागदपत्रांतून उचललेलं होतं. सही कुठे करायची ते कळावं म्हणून काकू पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून ठेवत. "वाचत बसू नका, चिकटवलंय तिथे सह्या करा, मग चहा घेऊ," असं त्या प्रत्येकाला म्हणत. प्रसादनं तेच केलं होतं. आता वकील म्हणत होता की कंपनीनं मनाई केली होती, माणसानं ती मोडली, वर तो घरून कामावर जात होता. तेव्हा जबाबदारी त्याची, कंपनीचा संबंध नाही. कागदी घोडे वेळेला असे कामाला येतात.

कंपनीनं हात वर केले तर प्रसादचं काय होणार हे सांगायला वकील लागत नव्हता. मनाई मोडणाऱ्या माणसाला नोकरीवर ठेवता येणार नव्हतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, ग्रीन कार्डाचा पाच वर्षांचा अर्ज गेला, आणि दावा मात्र एकट्याच्या डोक्यावर राहिला. त्याची बायको चैत्राली तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती.

एक दिवस जेवणाच्या सुट्टीत प्रसाद काकूंच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. अपघातापासून त्यानं गाडीतला रेडिओसुद्धा बंद केला होता.

"काकू, वकील म्हणतात की मी गाडीत होतो हे कॉलवर कोणाला माहीतच नव्हतं. तुम्हाला आठवतं ना?"

"तू जेवलास का?" काकूंनी विचारलं.

तो थोडा वेळ थांबला आणि गेला. उत्तर न देता माणसाला परत पाठवायचं कसब त्या तक्रारींच्या खिडकीवर शिकल्या होत्या. त्या दिवशी त्यांना त्याची लाज वाटली.

लाज वाटायला आणखी एक कारण होतं. अपघातानंतर संजीवनं सगळ्यांना गाडी जपून चालवा अशी ईमेल पाठवली होती. बाकी कॉल तिथेच, बस तिथेच आणि सतरावं पानही तिथेच. काकूंनी फक्त एक बदल केला होता. हजेरी घेताना त्या आता "कुठून बोलतोस?" असं विचारत नव्हत्या. विचारलं नाही की कळत नाही, आणि कळलं नाही की लक्षात राहायचा प्रश्न येत नाही.

नोव्हेंबर २००७मध्ये काकूंची साक्ष ठरली. कोर्टात नाही, न्यू ब्रन्सविकला समोरच्या बाजूच्या वकिलाच्या ऑफिसात, शपथेवर. आदल्या दुपारी संजीव त्यांच्या खोलीत आला आणि दार लावून बसला.

"ताई, उद्या ते विचारतील, प्रसाद गाडीत आहे हे तुम्हाला माहीत होतं का."

"विचारतीलच."

"तुम्ही म्हणा, आठवत नाही. दोन वर्षं झाली. रोजचा कॉल, रोज बारा माणसं. कोण कुठे होतं ते कोणाला आठवतं?"

"मला," काकू म्हणाल्या.

"ताई, प्लीज. आपला वकीलही म्हणाला, आठवत नाही म्हणणं हे खोटं नसतं." संजीवनं चष्मा काढून डोळे चोळले. तो वाईट माणूस नव्हता, नाहीतर गोष्ट फार सोपी झाली असती. "आपण हरलो आणि बोभाटा झाला तर क्लायंट जाईल. क्लायंट गेला तर बारा घरं जातील. एकासाठी बारा? तुम्हीच सांगा."

काकूंनी संध्याकाळी घरी मोहनरावांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. मग जरा वेळानं म्हणाले, "संजीव म्हणतो तेही खरं आहे." काकूंना राग आला, कारण ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला संजीव त्यांना न्यायला आला. काकू गाडी चालवत, पण किराणा, देऊळ आणि ऑफिस एवढीच. हायवेला त्या जात नसत. रूट वनला लागल्यावर संजीव वाटभर समजावत होता, छोटी छोटी उत्तरं द्या, विचारतील तेवढंच बोला. मग सव्वाआठ झाले. त्यानं बोलता बोलता वायर कानात घातली आणि बटण दाबलं.

"हां, नेत्रा, मी जॉइन झालोय. पुणे आलं का?"

काकू त्याच्याकडे बघत राहिल्या. गाडीतल्या फोनपायी एक बाई मोडली, त्याच्या साक्षीला चाललेला हा माणूस साठ मैलांच्या वेगानं गाडीतून पुण्याशी बोलत होता. यात लबाडी कुठेच नव्हती. त्याला पत्ताच नव्हता. सवय ही अशीच असते, अंगावरच्या जुन्या सदऱ्यासारखी, घातलाय हे आठवतही नाही.

"नाही, ते कालच व्हायला हवं होतं," संजीव सांगत होता. "क्लायंटला मी काय तोंड दाखवू? तू मला आत्ता सांग..."

पुढची गाडी थांबली होती. काकूंना ते दिसलं, त्यांनी "संजीव" म्हणेपर्यंत त्यालाही दिसलं आणि त्यानं करकचून ब्रेक दाबला. काकूंची पर्स पायांशी जाऊन पडली. दोन गाड्यांमध्ये हातभर जागा उरली होती.

"सॉरी, सॉरी," संजीव काकूंना म्हणाला. मग वायरमध्ये म्हणाला, "नाही रे, तुला नाही. तू बोल."

काकूंनी वाकून पर्स उचलली. रात्रभर त्या तराजू घेऊन बसल्या होत्या, एका पारड्यात एक माणूस, दुसऱ्यात बारा. आता त्यांच्या लक्षात आलं की तराजूच चुकीचा होता. त्या बारांतले निम्मे तरी आत्ता, या मिनिटाला, याच रस्त्यावर कानात वायर घालून चालले होते. उद्याची मिसेस हॅलोरन कोणत्या तरी चौकात उभी होती. आणि उद्याचा प्रसाद कोण असेल हे फक्त कोणाला आधी प्रश्न विचारला जाईल त्यावर ठरणार होतं. काकूंना एकदम हलकं वाटलं. उरलेला रस्ता त्यांनी दोन्ही हात पर्सवर ठेवून स्वस्थपणे बाहेर बघत काढला.

वकिलाच्या खोलीत लांब टेबल होतं. एका टोकाला टिपून घेणारी मुलगी बसली होती. मिसेस हॅलोरन स्वतः आल्या होत्या. वॉकर भिंतीला टेकवलेला होता आणि त्यांनी केस नीट सेट करून आणले होते. काकूंनी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. बाई त्यांच्याकडे बघून ओळख असल्यासारख्या किंचित हसल्या.

नाव, शिक्षण, नोकरी झाली. मग मिसेस हॅलोरनच्या वकिलानं विचारलं, "त्या सकाळी प्रसाद गाडी चालवतो आहे हे तुम्हाला ठाऊक होतं का?"

संजीव टेबलाकडे बघत होता. कंपनीचा वकील पेन फिरवत होता.

"हो," काकू म्हणाल्या.

"तुम्हाला नक्की आठवतं?"

"मला आठवतं. मी विचारलं, त्यानं सांगितलं. ऋषीही गाडीत होता. नेत्रा घरी होती. तो कॉल रोज असतो आणि त्याला असावंच लागतं, तीनदा गैरहजर राहिलं तर मालक बोलतात. अपघात झाला तेव्हा पुण्यात सात वाजून दहा मिनिटं झाली होती." त्यांचं इंग्रजी सावकाश होतं, पण एकही वाक्य मोडकं नव्हतं. "तो म्हणाला, टर्न घेतोय, एक मिनिट. मी म्हणाले, घे, पण सांग पटकन, त्यांची बस जाईल."

टिपणाऱ्या मुलीची बोटं चालली आणि थांबली.

"कंपनीच्या नियमात फोन वापरायला मनाई आहे, याची तुम्हाला कल्पना होती?" आता कंपनीच्या वकिलानं विचारलं. त्याचा आवाज थोडा चढला होता.

"होती. त्या पानावर सही मीच घेतली. वाचू नका म्हणून मीच सांगितलं. मनाई कागदावर होती आणि कॉल सव्वाआठला होता. दोन्ही आम्हीच ठरवलं होतं."  मग कोणी विचारलं नव्हतं तरी मिसेस हॅलोरनकडे वळून म्हणाल्या, "एका मिनिटासाठी मी त्याला घाई केली. त्याचं मला फार वाईट वाटतं. मला ते विसरता येत नाही."

कंपनीचा वकील म्हणाला, एवढं बोलायची गरज नाही. मिसेस हॅलोरननी मान हलवली. ती माफी होती की नुसती पोच, हे काकूंना कळलं नाही, आणि जाणून घ्यावं असंही वाटलं नाही.

संजीव पार्किंगमध्ये मागून आला. वकिलानं त्याला बाजूला घेऊन काय सांगितलं ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. गाडीपाशी त्याच्या हातातून किल्ली पडली. उचलली, पुन्हा पडली. 

काकूंनी किल्ली उचलली. "मी चालवते."

"तुम्ही हायवेला कधी..."

"हायवे कोण म्हणालं? रूट ट्वेंटी सेव्हननं जाऊ, गावागावातून. वेळ लागेल."

संजीव मुकाट्यानं पलीकडे जाऊन बसला. काकूंनी सीट पुढे ओढली, आरसे आपल्या उंचीला आणले आणि त्याची ती भलीमोठी गाडी तीसच्या वेगानं रस्त्याला लावली. मागून एकानं हॉर्न वाजवला, त्याला त्यांनी खुशाल जाऊ दिलं.

बऱ्याच वेळानं संजीव म्हणाला, "क्लायंट जाईल, ताई."

"जाऊ शकतो."

"गेला तर पहिली खुर्ची कोणाची जाईल, कल्पना आहे?"

"माझी," काकू म्हणाल्या. "मी कोड लिहीत नाही."

"माहीत असून बोललात."

"संजीव, तुम्ही मला नोकरी दिलीत ती माझ्या लक्षात राहतं म्हणून. आता त्याच नोकरीसाठी मी विसरायचं?"

 फ्रँकलिन पार्क गेलं, केंडल पार्क गेलं. रस्त्याकडेला एक माणूस पानं झाडत होता. संजीवनं कपाळ काचेला टेकवलं होतं.

"मी सकाळी येताना पण कॉलवर होतो," तो एकदम म्हणाला. "तुम्ही बाजूला बसला होतात."

"हो."

"बोलला का नाहीत?"

"मी पण दोन वर्षं विचारत नव्हते," काकू म्हणाल्या.

संजीवनं खिशातून फोन काढला, बघितला आणि मांडीवर ठेवला. "प्रसादला सांगायला हवं. काय सांगू?"

"वकिलाला जे सांगणार तेच."

"वकिलाला काय सांगू?"

"ते मालकानं ठरवायचं. मी गाडी चालवतेय, मला बोलायला लावू नका."

संजीवला हसू आलं की काय ते काकूंनी बघितलं नाही, त्या रस्त्याकडे बघत होत्या.  मग त्याच्या फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला.

"प्रसाद? संजीव बोलतोय. तुझ्या केसचं बोलायचंय. नाही, थांब. आधी मला सांग, तू कुठे आहेस?" त्यानं ऐकलं. "क्लायंटकडून निघालास, म्हणजे गाडीत. मग आत्ता काही बोलू नकोस. नाही, शोल्डरवर, रस्त्याच्या कडेला नको. पार्किंग बघ आणि नीट आत घे. घाई नाही. गाडी बंद कर, मग बोल. मी लाइनवर आहे."

त्यानं फोन कानाला तसाच धरून ठेवला. काकू पुढच्या सिग्नलला थांबल्या, हिरवा झाला, निघाल्या. किंग्स्टनचा उतार आला आणि गेला. संजीव घड्याळाकडे बघत नव्हता. प्रसाद जागा शोधत होता आणि तो थांबला होता.